एफ १.२ च्या नादात १८ हजार गेले, जुनी एफडी लेन्स ईओएसला लावणार असाल तर आधी वाचा

परवा एका मुलाने विचारलं, कॅननच्या जुन्या फिल्म कॅमेऱ्यांची एफडी ५५ एमएम एफ १.२ लेन्स मिळतेय, माझ्या ईओएस डिजिटल कॅमेऱ्याला चालेल ना? तेव्हाच ठरवलं की सगळं लिहून टाकायचं, कारण ह्याच लेन्समध्ये माझे १८ हजार गेलेत.

माझ्याकडे कॅनन ६डी आहे, म्हणजे ईओएसमधलाच डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा). मावसबहिणीची हळद घरातच होती, उजेड कमी, आणि फ्लॅश मारला की हळदीचा रंगच मरतो म्हणून मला फास्ट, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी लेन्स हवी होती. एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते, १.८ पेक्षा १.२ ला दुपटीहून जास्त लाईट मिळतो. ईओएससाठीचीच नवीन ईएफ १.२ परवडणारी नव्हतीच. तेवढ्यात जाहिरात दिसली, ‘कॅनन १.२, ईओएस रेडी, अडॅप्टर फ्री’. अडॅप्टर म्हणजे दुसऱ्या कॅमेऱ्याची लेन्स बसवायची मधली रिंग. पैसे जमवायला माझी चांगली चालणारी ५० एमएम १.८ विकून टाकली.

विकणाऱ्याला दादरला एका हॉटेलात भेटलो. त्याने लेन्स माझ्याच बॉडीवर चढवली, खट्‌ करून बसली, समोरच्या चहाच्या कपावर फोकस केला. कपाच्या कडेवरचा थेंब एकदम शार्प आणि मागचं सगळं लोण्यासारखं विरघळलेलं, मी तिथेच भाळलो. मग रस्त्यापलीकडची पाटी घेऊन बघितली तर रिंग शेवटपर्यंत फिरवूनही अक्षरं वाचता येईनात. तो म्हणाला, "१.२ ला असंच असतं दादा, डेप्थ कमी असते, हात हलला असेल." मी मान डोलावली आणि यूपीआय केलं.

हे साफ खोटं होतं. डेप्थ, म्हणजे एका वेळी शार्प दिसणारा पट्टा, कितीही कमी असली तरी लांबच्या वस्तूवर फोकस यायलाच पाहिजे.

कारण साधं आहे. एफडी माउंट, म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स जिथे बसते तो भाग, १९७१ चा, त्यात माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४२ एमएम. १९८७ ला ईओएस आलं तेव्हा कॅननने माउंटच बदलला आणि हे अंतर ४४ झालं. म्हणजे एफडी लेन्स ईओएसवर बसवली की निदान २ एमएम पुढे राहते, वर अडॅप्टरची जाडी. ५५ एमएमच्या लेन्सला एवढ्याने काय होतं तर फार तर दीड मीटरपर्यंत फोकस होतो, त्यापुढे सगळं धुकं. चहाचा कप दोन फुटांवर होता. त्याला हे पक्कं माहीत होतं, टेबलावर भेटायचा हट्ट त्याचाच होता.

फोन केला तर म्हणाला तुम्ही चेक करून घेतलीत, आणि नंतर ब्लॉकच केलं. जाहिरातही काढून टाकली, स्क्रीनशॉट माझ्याकडे नव्हता, तुम्ही मात्र पैसे द्यायच्या आधी काढून ठेवा. मग काच असलेला अडॅप्टर घेतला, त्याने लांबचं दिसतं पण लेन्सची फोकल लेंथ वाढते (चौकटीत कमी मावतं), लाईट कमी होतो, आणि पूर्ण उघडी ठेवली तर फोटो धुरकट, म्हणजे ज्यासाठी १.२ घेतली तेच गेलं.

लेन्स वाईट नाही हो. मित्राच्या सोनी मिररलेसवर (आत आरसा नसलेला कॅमेरा) साध्या रिंगने लावली तर मस्त चालते, कारण तिथे ते अंतर फक्त १८ एमएम आहे, मधे रिंगला भरपूर जागा मिळते. कॅननच्या मिररलेसचा आरएफ माउंट २० एमएम, निकॉनचा झेड १६, तिथेही चालेल. डीएसएलआरवाल्यांनी मात्र ‘बसते’ ह्या शब्दावर अजिबात जाऊ नका. अडॅप्टरचा आरपार फोटो मागवा, आत काच आहे का नुसती कडी आहे ते बघा. आणि भेटायचं ते उघड्यावर, दिवसा, लाईव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर) दहापट झूम करून लांबच्या इमारतीच्या खिडकीवर फोकस करा, खिडकीचे गज दिसले तरच पुढे बोला.

हळदीला जवळ जायला जागाच नव्हती, बायकांचा गराडा, मी आठ-दहा फुटांवर उभा. कोणीतरी वाटी माझ्यासमोर धरली तेव्हा तेवढी शार्प आली. बहिणीच्या चेहऱ्याचा माझ्याकडे एकही धड फोटो नाही.