शेतातली ताडपत्री आणि रेतीवरचा मुक्काम: वैनगंगेपासून देवबागच्या मुखापर्यंत वापरानंतरचा अनुभव

वापरलेली वस्तू: १२ बाय १५ फुटांची एचडीपीई (जाड विणीच्या प्लास्टिकची) ताडपत्री, २०० जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन २०० ग्रॅम), दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन, काठात दोरी, दर तीन फुटांवर ॲल्युमिनियमची कडी. खरिपात ती सोयाबीनच्या गंजीवर होती. दिवाळीनंतर वैनगंगेच्या रेतीवर, आणि ऊन तापायच्या आत कोकणात, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे देवबागला, मुक्कामासाठी वापरली.

मत पक्कं आहे. उघड्या रेतीवर तीन-चार माणसांना राहायचं असेल तर हीच ताडपत्री पुरते, महागड्या तंबूची गरज पडत नाही. फक्त ती रेतीत कशी धरून ठेवायची आणि कोणत्या रेतीवर टाकायची, हे कळलं पाहिजे. बहुतेक ताडपत्र्या चुकीच्या बांधणीने फाटतात, कापड बिचारं बरंच सोसतं.

घेताना जीएसएमच्या छापावर विसंबू नका, काट्यावर टाका. १२ बाय १५ फूट म्हणजे सुमारे १६.७ चौरस मीटर. त्या हिशेबाने १२० जीएसएमची दोन किलो, १५० ची अडीच, २०० ची ३ किलो ३०० ग्रॅमच्या आसपास आणि २५० ची ४ किलो २०० भरायला हवी. दोरी-कड्या धरून थोडं जास्तच भरेल. २०० लिहिलेली अडीच किलो भरली तर ती १५० चीच समजा. माप कापलेल्या कापडाचं आहे की काठ शिवून तयार झालेलं, हेही विचारा, कारण दुमडीत काही इंच जातात. भारतीय मानकाचा आयएस ७९०३ हा क्रमांक असेल तर चांगलंच. कापडाचा एक कोपरा घट्ट दुमडून घडीची रेघ उजेडासमोर धरा. तिथे टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर लॅमिनेशन पातळ आहे, पहिल्याच पावसात गळेल. १२० ची हलकी असते पण वाऱ्यात फार दिवस टिकत नाही. २५० ची गंजीवर उत्तम, मात्र ताठ असल्याने बुटक्या तंबूला नीट बसत नाही आणि पाठीवर जड होते. मुक्कामाला २०० योग्य.

आता मुख्य गोष्ट, रेतीतली पकड. कोरड्या रेतीत खुंटी धरत नाही, मग ती लोखंडी असो की बांबूची. कण एकमेकांना चिकटलेले नसतात, दोरीला हिसका बसला की खुंटी कलते आणि निघून येते. ओल्या रेतीत ठोकलेली दोन फुटी खुंटी संध्याकाळी दगडासारखी वाटते, दुसऱ्या दिवशी रेती सुकली की दुपारपर्यंत बोटाने हलते. त्यावर उपाय घरोघरी पडलेला आहे: युरियाची ४५ किलोची रिकामी चुंगडी. ती आधी धुऊन घ्या. फवारणीच्या औषधाची चुंगडी मात्र अजिबात वापरू नका.

चुंगडी रेतीने पूर्ण भरू नका, रेती युरियापेक्षा खूप जड असते आणि भरलेली चुंगडी हलणार नाही. पाव भाग भरा, तोंड बांधा, आणि दोरी तोंडाला न बांधता मधोमध आवळा. दीड ते दोन फूट खड्डा करून चुंगडी ओढीला आडवी ठेवा. मग खड्ड्यापासून तंबूच्या दिशेने दोरीसाठी तिरपी चर काढा. ही चर बहुतेक जण काढत नाहीत आणि तिथेच सगळं बिघडतं. चर नसेल तर दोरी खड्ड्यातून सरळ वर येऊन मग वळते, ताण आला की रेती कापत सरळ व्हायला बघते, तेवढी ढिली पडते आणि ताडपत्री फडफडू लागते. एकदा फडफड सुरू झाली की कड्या गेल्याच. चर काढल्यावर रेती थरथराने भरा, प्रत्येक थर पायाने दाबा, जवळ पाणी असेल तर शेवटी एक बादली ओता. अशा सहा चुंगड्या लागतात: आढ्याच्या (तंबूच्या माथ्यावरच्या दोरीच्या) दोन टोकांना दोन, चार कोपऱ्यांना चार. दोघांना मिळून पाऊण तासाचं काम आहे. निघताना चुंगड्या उकरून सोबत आणा, रेतीत पुरून ठेवू नका.

दोरी ६ मिलिमीटरची नायलॉनची घ्या. ती ओली झाली की ताणून ढिली पडते, म्हणून झोपण्याआधी एकदा सगळ्या दोऱ्या आवळाव्या लागतात. अंबाडीची किंवा काथ्याची दोरी उलट वागते, दवाने भिजली की आकसते आणि रात्रीतून कडी उपटते. बाजारातली हिरवी-पिवळी प्लास्टिकची दोरी स्वस्त आहे, पण तिच्यावर गाठ सरकते आणि उन्हात तिचा भुगा होतो.

कड्यांवर सगळा भार टाकू नका. या ताडपत्रीची खरी कमजोरी तीच आहे. सगळा ताण एका छिद्राच्या कडेवर येतो, आधी छिद्र लांबट होतं, मग कडी तिरपी होऊन गळून पडते. त्यापेक्षा काठापासून वीतभर आत, ताडपत्रीच्या खालून आवळ्याएवढा गुळगुळीत गोटा धरा, वरून ताडपत्रीसकट त्याची मान दोरीच्या फासाने आवळा आणि दोरी तिथूनच चुंगडीकडे न्या. ताण मुठीएवढ्या कापडावर वाटला जातो. कोपऱ्याच्या चारही दोऱ्या अशाच बांधल्या आणि कड्या फक्त मधल्या आधाराला ठेवल्या, म्हणून इतक्या महिन्यांत कोपरा एकही फाटलेला नाही. गोटा धारदार नको, नाहीतर तोच कापड कापतो.

उभारणी साधी. साडेपाच फुटांच्या दोन बांबूच्या बल्ल्या, त्यातला दीड फूट रेतीत, वर चार फूट. बल्लीच्या वरच्या टोकाला फडकं गुंडाळा. दोन्ही बल्ल्यांवरून आढ्याची दोरी ताणून तिची टोकं दोन चुंगड्यांना बांधा. ताडपत्रीची १५ फुटांची बाजू आढ्याच्या दिशेने, म्हणजे दोन्हीकडे सहा-सहा फुटांचा उतार मिळतो आणि खाली सुमारे नऊ फूट रुंदी. वारा जास्त असेल तर बल्ली अजून फूटभर खाली उतरवा. तीन फूट उंचीवर रुंदी दहा फुटांच्या पुढे जाते, बसायला त्रास होतो पण वारा वरून निघून जातो. वाऱ्याकडच्या काठावर फूटभर ताडपत्री जमिनीवर पसरून तिच्यावर रेती लोटा.

थंडीत पाझराचं काय? ही ताडपत्री हवा आत-बाहेर जाऊ देत नाही. पौष-माघात नदीवर बाहेर दव आणि आत श्वासाची वाफ, पहाटे आतून थेंब गळतात. लोक त्याला गळती समजून ताडपत्रीला नावं ठेवतात. दोन्ही तोंडं बंद करू नका, वाऱ्याआडचं तोंड उघडं ठेवा, फरक लगेच कळतो. खाली थंडी वरच्यापेक्षा जास्त लागते. रेती रात्री झपाट्याने गार होते आणि काठावरची थंड हवा पात्राकडे उतरते. धानाच्या पट्ट्यात तणस (धानाचा पेंढा) सहज मिळतं, चार-सहा बोटं जाड थर आणि त्यावर जुनी फारी (गोणपाट) टाका. समुद्रावर याची गरज पडत नाही, तिथे दमटपणाचा त्रास.

नदीवर जागा निवडताना. मार्कंडाला महाशिवरात्रीच्या यात्रेत लोक वैनगंगेच्या रेतीवर राहतातच, त्यामुळे रेतीवरचा मुक्काम आपल्याकडे नवा नाही. पण यात्रेतली गर्दी वेगळी आणि एकट्या तंबूचा मुक्काम वेगळा. चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती जागा सुंदर आहे, पण तो अभयारण्याचा भाग. वनविभागाच्या परवानगीशिवाय रात्री थांबता येत नाही आणि थांबूही नये. गडचिरोली-चंद्रपूरमध्ये वाघ माणसांच्या वाटेवर येतो, अस्वल आहे, आणि २०२१ पासून गडचिरोलीत रानटी हत्तींचा कळपही आहे. म्हणून गावाला लागून असलेला घाट निवडा, ग्रामपंचायतीत सांगा आणि तिथे मासे धरणाऱ्या ढिवर बांधवांना विचारा. कुठे डोह आहे, कुठे रेतीउपशाने पाण्याखाली खड्डे पडलेत, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. वरवर गुडघाभर दिसणाऱ्या पाण्यात एका पावलावर पुरुषभर खड्डा असतो.

वैनगंगेचं पाणी वर गोसीखुर्दच्या धरणात अडवलेलं आहे. आभाळ निरभ्र असलं तरी वरून सोडलेलं पाणी खाली येऊन पोचतं. पाण्याच्या काठाला लागून एक काडी रोवा. झोपण्याआधी आणि रात्री एकदा उठून बघा. काडीपासून पाणी चार बोटं वर चढलेलं दिसलं तर वाट न बघता सामान उचला. पात्रातल्या बेटावर तंबू टाकूच नका, पाणी आधी मागच्या वाटेने येतं.

नदी समुद्राला मिळते तिथला धोका दिवसातून दोनदा ठरलेला आहे, हा मोठा फरक. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं असतात, त्यामुळे वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. कोकणातला सोपा हिशेब: तिथीला तीनने गुणा आणि चारने भागा. दशमीला साडेसात, म्हणजे सकाळी आणि रात्री साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजा. हा अंदाज आहे, तासभर इकडेतिकडे होतो, छापील भरतीचं वेळापत्रक मिळालं तर तेच धरा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी सर्वांत वर चढतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढ-उतार कमी. पहिल्यांदा जाणाऱ्याने अष्टमी धरून जावं.

संध्याकाळी ओहोटी असेल तर समोर मैदानासारखी रेती दिसते आणि नदीची सवय असलेला माणूस तिथेच बल्ली रोवतो. हिशेब करा: किनाऱ्याचा उतार वीस फुटांना एक फूट असेल आणि पाणी सहा फूट चढलं, तर ते १२० फूट आत येतं. रेतीवर काडीकचरा, शिंपले, नारळाची सोडणं यांची रेघ दिसते. एकापेक्षा जास्त रेघा असतात, सर्वांत वरची धरा. त्याच्याही मागे जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली असते, तिच्या पलीकडे तंबू टाका आणि वेल तुडवू नका, तीच रेती धरून ठेवते. देवबागचं टोक म्हणजे एका बाजूला कर्ली आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेली अरुंद पट्टी आहे, टोकाची रेती सरकत राहते. गावात विचारून, मालकाच्या परवानगीने सुरूच्या झाडांमागे राहा. सुरूचं खोड असलं की आढ्याला बल्लीही लागत नाही. नारळाखाली मात्र तंबू नको, नारळ आणि झावळ्या पडतात.

वारा दुपारी समुद्रावरून येतो, रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहतो, तो बहुधा हलका. म्हणून आढं पूर्व-पश्चिम ठेवून पश्चिमेचं तोंड बंद करा. मुखाशी पोहू नका. ओहोटीला नदी आणि खाडीचं पाणी एकत्र बाहेर ओढतं, पट्टीचा पोहणाराही त्याच्या विरुद्ध येऊ शकत नाही. नोव्हेंबर ते मार्च कोकणच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, त्या रेतीवर रात्री दिवा-शेकोटी नको.

पाण्याचं थोडक्यात. नदीवर काठापासून दहा-बारा फुटांवर दोन फूट झिरा (पाणी झिरपून येईल असा खड्डा) खोदा, पहिलं गढूळ पाणी दोनदा उपसून टाका, मग येईल ते गाळून उकळा. कारखान्याच्या खालच्या अंगाला हे करू नका, उकळून रसायन जात नाही. मुखाशी झिऱ्याला बहुधा खारं पाणी लागतं, तिथे माणशी दिवसाला पाच लिटर पाणी सोबत हवं.

मच्छरदाणी दोन्हीकडे हवीच, गडचिरोलीत तर मलेरियामुळे अधिक. आढ्याच्या दोरीला टांगा आणि कडा अंथरुणाखाली खोचा. मण्यार रात्री अंथरुणात शिरते आणि तिचा दंश अनेकदा कळतही नाही, खोचलेली मच्छरदाणी तिलाही अडवते. चूल तंबूपासून निदान १२-१५ फूट, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) भराभर जळते आणि ठिणग्या उडवते, एचडीपीई साधारण १३० अंशांना वितळतं, ठिणगी पडली की भोक.

भोकाला सायकल पंक्चरचं सोल्युशन लावू नका, या प्लास्टिकला ते धरत नाही. जागा धुऊन पूर्ण सुकवा आणि ताडपत्रीची रुंद टेप दोन्ही बाजूंनी चिकटवा. चीर लांब असेल तर जुन्या ताडपत्रीचं ठिगळ दाभणाने शिवून वर टेप लावा.

आजची स्थिती: कापड शाबूत, दोन कड्या गेल्या, आणि आढ्याच्या रेघेवर लॅमिनेशन पांढरं पडायला लागलंय. ते उन्हाने आणि एकाच घडीवर वारंवार दुमडल्याने. घडी दर वेळी बदला आणि आतली रेती झटकून मगच गुंडाळा. दिवसभर थांबायचं नसेल तर सकाळीच उतरवून ठेवा, विदर्भाच्या मे महिन्यातल्या उन्हात उगाच ताणलेली ठेवू नका. समुद्रावरून आणलेली ताडपत्री गंजीवर टाकण्याआधी गोड्या पाण्याने दोनदा धुवा, काठाच्या दुमडीत बोट घालून मीठ काढा. मीठ राहिलं तर ती ओल धरते, आणि ती ओल थेट सोयाबीनला लागते.