आरओ नऊ महिने वापरल्यावर: मशीन बरं, चांदणी महाग

वाघोलीकरांना पाण्याबद्दल वेगळं सांगायला नको. आमच्या सोसायटीत निम्मं टँकरचं, निम्मं बोअरचं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचा मीटर बुडवला की ८२० च्या आसपास. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत ठीक, आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या असं आहे. म्हणजे आमचं पाणी काही विष नव्हतं, पण चहावर तवंग यायचा आणि तूरडाळ चार शिट्ट्यांनंतरही दाताखाली यायची. म्हणून गेल्या गणपतीच्या आधी १७,५०० रुपये मोजून आरओ, म्हणजे पाणी शुद्ध करायचं मशीन, घेतला. कंपनीचं नाव देत नाही. शेजारच्या दोघींकडे दुसऱ्या कंपन्यांची मशीनं आहेत आणि रडगाणं तेच आहे.

आधी चांगलं सांगते. पाणी उत्तम येतं. पहिल्या दिवशी टीडीएस ७५ होता, आज सकाळी १०८. डाळ शिजते, चहा स्वच्छ होतो. आवाज थोडा आहे, पण तो मिक्सरपुढे काहीच नाही. नुसत्या मशीनबद्दल विचाराल तर घ्या म्हणेन.

आता जाहिरात. मराठी पेपरात पान भरून आली होती: ‘२ वर्षे सर्व्हिस मोफत’ आणि ‘६० टक्क्यांपर्यंत पाणी वाचवा’. दोन्हींच्या डोक्यावर इवलीशी चांदणी. चांदणीचा खुलासा पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, आणि तोही इंग्रजीत. घेताना मी तो वाचला नाही, हे कबूल.

चौथ्या महिन्यात लाल दिवा लागला. सर्व्हिसवाला मुलगा आला, झाकण काढलं आणि म्हणाला, “ताई, गाळाचा सेडिमेंट आणि कार्बन, दोन्ही फिल्टर गेलेत. १,९०० होतील. आणि व्हिजिटचे ३५०.”

“अहो, सर्व्हिस मोफत आहे ना दोन वर्षं?”

“सर्व्हिस मोफतच आहे. फिल्टर कन्झ्युमेबल आहेत, वापरून संपणारे, ते धरत नाहीत. आणि मोफत व्हिजिट वर्षाला दोनच. इन्स्टॉलेशनची एक झाली, पाइप गळत होता तेव्हाची दुसरी.”

मशीन त्यांनीच बसवलं, पाइप त्यांचाच गळला, आणि दोन्ही व्हिजिटा माझ्या खात्यातून वजा! त्या मुलावर चिडून उपयोग नव्हता. २,२५० दिले आणि बिल मात्र मागून घेतलं.

संध्याकाळी सासऱ्यांनी फाइल काढली. डोंबिवलीत असताना त्यांनी मुंबई ग्राहक पंचायत या ग्राहकांच्या संस्थेचं महिन्याचं सामान वर्षानुवर्षं वाटलंय, त्यामुळे मोठी खरेदी झाली की जाहिरातीचं कात्रण, बिल आणि वॉरंटी कार्ड एकत्र टाचून ठेवायची त्यांची सवय. आम्ही सगळे त्यावरून त्यांना हसायचो. त्या दिवशी भिंग घेऊन दोघांनी मिळून तळाची ओळ वाचली. ‘६० टक्के’ बचत दुसऱ्या आरओच्या तुलनेत होती, तीही प्रयोगशाळेत, आमच्या निम्म्याहून कमी टीडीएसच्या पाण्यावर.

मग रविवारी मीच मोजलं. मशीनची टाकी रिकामी केली, नळ उघडा ठेवून खाली लिटरचं माप धरलं आणि वाया जाणाऱ्या पाण्याची नळी बादलीत सोडली. ५ लिटर शुद्ध पाणी मिळेपर्यंत बादलीत साडेअकरा लिटर जमलं. आरओचं तंत्रच असं आहे की क्षार वाहून न्यायला पाणी टाकावंच लागतं, आणि पाणी जितकं जड तितकं जास्त. त्याबद्दल तक्रार नाही. ते पाणी मी फरशीला वापरते. पण टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या गावात ‘पाणी वाचवा’ म्हणून मशीन विकता, तेव्हा ही गोष्ट मोठ्या अक्षरात यायला हवी होती.

हे मी उगाच म्हणत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, २० जुलै २०२० पासून लागू. त्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ ला फसव्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात सरळ लिहिलंय की खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा आणि ठळक दिसेल असा हवा. महत्त्वाची माहिती लपवायला किंवा दिशाभूल करणारा दावा सावरायला तो वापरायचा नाही. ‘मोफत’ शब्दावर तर वेगळं कलम आहे. घरपोच आणण्याचा वगैरे न टळणारा खर्च सोडून ग्राहकाला आणखी पैसे पडत असतील तर मोफत म्हणायचंच नाही. प्राधिकरण अशी जाहिरात थांबवू शकतं आणि १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत.

कंपनीला मेल केला. दुसऱ्या दिवशी उत्तर: अटी आणि शर्तींनुसार आकारणी योग्य आहे. मग १९१५ ला फोन लावला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. बिल आणि कात्रणाचे फोटो त्यांच्या ॲपवर चढवले, तक्रारीचा नंबर मोबाइलवर आला. एक समजून घ्या, हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीला विचारते फक्त. पण तेवढ्यानेही फरक पडतो. तेराव्या दिवशी कंपनीतून फोन आला तो एकदम मधाळ आवाजात. ३५० परत आणि पुढचा फिल्टर सेट फुकट, ‘सदिच्छा म्हणून’. चूक झाली असं शेवटपर्यंत म्हणाले नाहीत.

मी घेतलं. सासऱ्यांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, जिल्हा ग्राहक आयोगात जायचं. राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांची मुदत आहे. सगळं बरोबर, पण नोकरी आणि दहावीतली मुलगी सांभाळून तारखांना जायची माझी तयारी नव्हती. यावरून आमच्याकडे अजून अधूनमधून वाजतं.

घेणार असाल तर दुकानदाराला किंमत विचारू नका, दोन वर्षांचा फिल्टरसकट खर्च विचारा आणि तो कोटेशनवर लिहून मागा. आमच्या शेजारणीने मागितला, तर दुकानदार म्हणाला, “मॅडम, असं कुणी लिहून देत नाही.” ती दुसऱ्या दुकानात गेली.

फुकटचा फिल्टर सेट मागच्या महिन्यात बसला. मेंब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा आतला पडदा, अजून पहिलंच आहे. टीडीएस १५० च्या वर गेला की ते बदलायचं ठरवलंय, तेव्हा किती पैसे मागतात ते इथेच लिहीन.