दरडोई उत्पन्न की घरखर्चाची पाहणी?

नागपूरच्या महाल भागात जेवणाचे डबे सुरू करणाऱ्या भाचीने विचारलं, "मामा, लोकांच्या खिशाचा अंदाज कोणत्या आकड्यावरून घेऊ?"

दरडोई उत्पन्न दरवर्षी मिळतं, जिल्ह्याचंही. पण ते एकूण उत्पन्न भागिले लोकसंख्या. त्यात कंपन्यांचा नफाही येतो. मिहान या उद्योगक्षेत्रातल्या कंपन्यांची कमाई इतवारी बाजारातल्या हमालाच्या नावावरही मांडली जाते. मला हे खटकतं.

घरखर्चाची पाहणी घरोघरी विचारून होते. २०२३-२४ मध्ये देशातल्या शहरांत माणशी महिन्याला ६,९९६ रुपये खर्च निघाला, त्यातला जवळपास ४० टक्के खाण्यावर. मात्र उसनवारीचा खर्चही यात खर्चच दिसतो.

जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करायची तर पहिला आकडा. डब्याचा दर ठरवायचा तर दुसरा, आणि सोबत गल्लीतल्या किराणावाल्याकडे उधारी किती थकलीय तेही विचार, म्हटलं.