बोटीवर आम्ही, रस्त्यावर आमची गाडी

मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझसाठी कोकणातून स्वतःची गाडी घेऊन निघणार असाल, तर हे वाचा. बोटीवरचं जेवण कसं होतं, रात्रीचे कार्यक्रम कसे होते, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. गाडी कुठे ठेवली हे कोणी सांगत नाही, आणि नेमकी हीच अडचण हेरून क्रूझ जिथून सुटते त्या बॅलार्ड पिअरच्या आसपास काही जणांनी धंदा मांडलाय.

आम्ही चिपळूणचे. सासू-सासऱ्यांच्या लग्नाला ५० वर्षं झाली म्हणून मुंबई-गोवा-मुंबई अशी सहल ठरवली. (आधी रस्त्याने मुंबईला जायचं आणि मग बोटीने आपल्याच रत्नागिरीसमोरून गोव्याला, हे काही सासूबाईंना पटलं नाही. त्यांच्या लहानपणी बोट जयगडलाच यायची.) कोकणकन्या पहाटे सीएसएमटीला सोडते आणि तिथून बंदर टॅक्सीने अगदी जवळ, त्यामुळे खरं तर तीच सोय उत्तम. पण तिकिटं वेटिंगवर राहिली, शिवाय अण्णांचे, म्हणजे सासऱ्यांचे, गुडघे मध्यरात्री फलाटावर उभं राहू देत नाहीत. म्हणून गाडी.

जहाज संध्याकाळी सुटणार होतं, पण चढायचं दार त्याच्या बरंच आधी बंद होतं. तिकिटावर ठळक दिसते ती सुटण्याची वेळ. हिशोब मात्र दार बंद होण्याच्या वेळेपासून मागे करायचा. चिपळूण ते बॅलार्ड पिअर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाटातला वेळ वाचतो, पण तो वाचलेला वेळ माणगावच्या बाजारपेठेत परत द्यावा लागतो, शनिवार-रविवारी तर व्याजासकट. २०११ साली पळस्पे-इंदापूर टप्प्याचं काम सुरू झालं तेव्हा माझी मुलगी पाळण्यात होती. असो. आम्ही पहाटे निघालो, पळस्प्याहून जेएनपीटीच्या रस्त्याला लागून गव्हाण फाट्याकडून अटल सेतू पकडला. मोटारीला एका बाजूचे २५० रुपये टोल, पण शिवडीला उतरून ईस्टर्न फ्रीवेने थेट पी. डि'मेलो रोड. या रस्त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पार्किंगची चौकशी आम्ही आधीच केली होती. बुकिंग करून देणाऱ्याने ‘गाडीचं तुमचं तुम्ही बघा’ असं सांगून हात झटकले. बॅलार्ड इस्टेटच्या रस्त्यांवरचं पे अँड पार्क तासांच्या हिशोबाचं, मुक्कामी गाडीसाठी नाही. मोबाईलच्या नकाशावर शोधलं तर बंदराशेजारीच ‘क्रूझ पार्किंग’ असं ठिकाण दिसलं. तळघरातल्या चकचकीत पार्किंगचे फोटो, खाली कौतुकाचे अभिप्राय. फोन केला तर पलीकडचा माणूस आमच्या जहाजाचं नाव, सुटण्याची वेळ, परत यायची वेळ सगळं तोंडपाठ सांगत होता. सीसीटीव्ही आहे, छप्पर आहे, बंदराची परवानगी आहे. ‘सीझन आहे वहिनी, जागा राहणार नाही,’ म्हणत १,५०० रुपये आगाऊ मागितले. पैसे पाठवताना समोर आलं ते एका माणसाचं नाव, फर्मचं नाही. विचारलं तर म्हणाला, मालकाचं खातं आहे. लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर पावती आली, वर नांगराचं चित्र आणि गोल शिक्का. दिसायला अगदी सरकारी.

बंदराच्या गेटवर सीआयएसएफचे जवान असतात, रस्त्यावर गाडी थांबवली की मागून हॉर्न, वाहतूक पोलिसाची शिट्टी, हमालांचा गलका. त्या गडबडीत चकाकत्या जाकिटातला, गळ्यात ओळखपत्र घातलेला एक पोरगा खिडकीशी आला. नंबरप्लेटवरचं एमएच-०८ त्याने आधीच वाचलं होतं.

“रत्नागिरीकडचे काय? चिपळूण? अहो, मग गाववालेच की! माझं खेड.”

“खेडात कुठे रे?” अण्णांनी विचारलं.

“भरणे नाक्याजवळ, काका.”

भरणे नाका हायवेवरच आहे. मुंबई-गोवा रस्त्याने एकदा गेलेल्या कोणालाही तो माहीत असतो. पण त्या क्षणी सासूबाईंचं अर्धं टेन्शन उतरलं. मुंबईत आपल्याकडचं माणूस भेटलं की आपण विरघळतो, आणि हे त्या लोकांना पक्कं ठाऊक आहे. गाडी एमएच-०७ असती तर तो नक्की कणकवलीचा निघाला असता.

नवऱ्याने सांगितलं, मी स्वतः गाडी लावून येतो. त्याचं उत्तर तयार होतं: तळघरात गाड्या एकामागे एक लावतात, मागची काढायला पुढची हलवावी लागते, म्हणून चावी आमच्याकडेच राहते. ऐकायला पटण्यासारखं. मुंबईत खरोखरच बऱ्याच ठिकाणी असं चालतं.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. गाडी कोणाच्याही हातात देताना किलोमीटर लिहून ठेवायची त्यांची सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही. त्यांनी खिशातल्या डायरीत आकडा टिपला, काट्यावर डिझेल किती आहे तेही लिहिलं. पोरगा हसला. “काका, विमान सोडताय काय?”

किनारा मागे पडला की फोनची रेंज जाते. बोटीवरचं वायफाय महाग, म्हणून घेतलं नव्हतं. मुरगाव बंदरात लागल्यावर रेंज आली आणि नवऱ्याच्या फोनवर फास्टॅगचे मेसेज एकापाठोपाठ एक पडले. अटल सेतू. मग खालापूर टोलनाका, रात्री एकच्या सुमाराला. बॅलार्ड पिअरच्या तळघरात उभी असलेली गाडी एक्स्प्रेसवेवर काय करत होती?

फोन लावला. “पार्किंग फुल्ल झालं म्हणून उलव्याच्या यार्डात नेली, शेठ.” उलवे खालापूरच्या अलीकडे राहतं, असं म्हटल्यावर रेंज त्याची गेली. पुन्हा फोन उचललाच नाही.

सगळा खेळ इथे आहे. गाडी चोरायची नसते, चोरी केली तर बोभाटा होतो. ती भाड्याने फिरवायची असते. आणि त्यासाठी क्रूझच्या प्रवाशासारखं दुसरं गिऱ्हाईक नाही. तो समुद्रात आहे, त्याचा फोन बंद आहे, आणि परत कोणत्या दिवशी, किती वाजता येणार हे वेळापत्रकात छापलेलं आहे. हॉटेलात उतरलेला माणूस मध्येच खाली येऊन गाडी बघू शकतो, बोटीवरचा नाही.

आमच्याकडे पुरावा आला तोही वाटेत टोल होते म्हणून. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही. गाडी वाशीमार्गे नवी मुंबईत फिरवून आणली असती तर एकही मेसेज आला नसता.

परत उतरलो त्या सकाळी गाडी तासाभराने आली. नवा माणूस, जाकीट तेच. चावी द्यायच्या आधी म्हणाला, वेटिंगचे २,००० होतात. अण्णा एकही शब्द न बोलता दार उघडून ड्रायव्हरच्या जागेवर बसले आणि डायरी काढली. तीनशेच्या वर किलोमीटर जास्त. डिझेलचा काटा तळाशी. मागच्या सीटच्या फटीत अक्षता, पायपुसण्यावर झेंडूच्या पाकळ्या आणि सीटच्या कव्हरला हळदीचा हात. आमच्या गाडीने लोणावळ्याकडे कोणाचं तरी लग्न लावून दिलं होतं.

“तुमच्या त्या खेडच्या पोराला बोलाव,” अण्णा म्हणाले. “भरणे नाक्यावर त्याचं घर कुठल्या अंगाला आहे तेवढं विचारायचंय.”

नवऱ्याने ११२ लावायला फोन काढला तशी चावी बोनेटवर ठेवून तो चालता झाला. वेटिंगचे पैसे दिले नाहीत. आगाऊ दिलेले गेले, डिझेल गेलं, टोल गेले. पण त्याहून वाईट नंतर आलं: अटल सेतूवर वेगमर्यादा मोडल्याचं ई-चलन. तिथे मोटारींना ताशी १०० ची मर्यादा आहे आणि कॅमेरे आहेत. चलन गाडीच्या मालकाच्या नावावर येतं, चालवत कोण होतं ते यंत्राला कळत नाही.

विमावाल्या ओळखीच्यांना विचारल्यावर घाम फुटला. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने वापर बसत नाही. त्या वऱ्हाडाला घाटात अपघात झाला असता तर कंपनीने दावा नाकारायला जागा होती, आणि पोलीस आधी आमच्या दारात आले असते. गाडी चोरीला गेली तरी विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. एक चावी आपणच कोणाला तरी काढून दिली, हे सांगायचं कोणत्या तोंडाने?

म्हणून सांगते, चावी देऊ नका. जिथे चावीशिवाय गाडी ठेवता येत नाही तिथे ठेवू नका, समोरचा कितीही गाववाला असो. टर्मिनलमध्ये मुक्कामी गाडी ठेवता येते का हे तिकीट काढतानाच जहाज कंपनीला लेखी विचारा, तोंडी ‘हो’ला अर्थ नाही. पनवेलला कोणी नातेवाईक असतील तर गाडी त्यांच्या सोसायटीत लावा आणि हार्बर लोकलने सीएसएमटी गाठा. आम्ही पुढच्या वेळी हेच करणार, मावशी कधीची ये ये म्हणते आहे. अलिबागकडच्यांना तर गाडी मुंबईत आणायचंच कारण नाही, मांडव्याहून बोटीने गेटवे आणि पुढे टॅक्सी. आणि नाइलाज होऊन कुठे ठेवावीच लागली, तर मीटरचा फोटो त्या माणसाच्या देखत काढा, आरसी गाडीत ठेवू नका आणि फास्टॅगमध्ये जेमतेम परतीपुरते पैसे ठेवा.

पैसे पाठवून फसलात तर १९३० वर ताबडतोब फोन करा. जितका उशीर, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात सरकते. आम्ही तिथे नोंद केली आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रारही दिली. ठाणे अंमलदारांनी भारतीय न्याय संहितेची ३१६ आणि ३१८ ही कलमं सांगितली, म्हणजे विश्वासघात आणि फसवणूक. डायरीचं पान, टोलचे मेसेज आणि अक्षतांचे फोटो त्यांनी जोडून घेतले. अक्षता बघून ते हसले, पण घेतले. त्या तक्रारीची प्रत लावून चलनावर हरकत नोंदवली आहे, निकाल यायचा आहे.

नकाशावरचं ते ठिकाण आम्ही कळवल्यावर काढलं गेलं. आता तेच तळघराचे फोटो दुसऱ्या नावाखाली, दुसऱ्या नंबरासह दिसतात. ओळखायची खूण सांगते: पहिल्या फोटोत उजवीकडे खांबावर ‘बी २’ लिहिलंय आणि खाली लाल रंगाची अग्निशामक बादली आहे.