लग्नाचं संगीत: यादी आपली की मर्जी डीजेची?

लग्नासाठी डीजे ठरवला की काही दिवसांत त्याचा फोन येतो: "गाण्यांचं कसं करायचं?" आणि घरात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, लग्न आपलं तर गाणीही आपली. पहिल्यापासून शेवटपर्यंत यादी आपणच द्यायची. दुसरा म्हणतो, त्याचं रोजचंच काम आहे ते, करू दे त्याला, आपल्याला काय कामं कमी आहेत? खरं तर दोन्ही तट बरोबर असतात, फक्त दिवसाच्या वेगवेगळ्या तासांबद्दल. वाद मात्र अख्ख्या दिवसावर घातला जातो.

त्या वादाआधी एक प्रश्न उरकून घेऊ.

मुळात डीजेच हवा का?

डीजेला पर्याय दोन: फोनवरची प्लेलिस्ट आणि समोर बसून वाजवणारे वादक.

प्लेलिस्ट स्वस्त पडते आणि प्रत्येक गाणं आपल्या पसंतीचं असतं. पाहुणे मोजके आणि नाच नावापुरता असेल तर मी तिला नावं ठेवणार नाही. पण तिचा त्रास बारीकसारीक असतो. फोन वाजला की गाणं थांबतं. ब्लूटूथची पोच सहसा दहाएक मीटर, तीही मधे काही नसेल तर. माणसाच्या शरीरातलं पाणी या लहरी शोषून घेतं, त्यामुळे सकाळी रिकाम्या हॉलमध्ये छान चाललेली जोडणी संध्याकाळी गर्दीत अडखळू लागते. जुनी ध्वनिमुद्रणं नव्यांपेक्षा हळू वाजतात, म्हणून कोणीतरी सारखं उठून आवाज कमी-जास्त करत बसतं. याला उपाय आहेत. गाणी आधीच डाउनलोड करा, फोन फ्लाइट मोडवर टाका, स्पीकरला केबलने जोडा, ॲपमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा ठेवण्याची सोय असते ती चालू करा. हे सगळं केलं तरी प्लेलिस्टला डोळे नसतात. भाषण लांबलं, जेवण उशिरा सुरू झालं, नाचणारे दमले, तिला पत्ताच नसतो. मग फोनपाशी एक माणूस बसवावा लागतो, आणि तो बहुधा आपलाच भाऊ किंवा जिवलग मैत्रीण असते. पैसे वाचतात, पण आपलं माणूस लग्नाला मुकतं.

आणखी एक: संगीताच्या ॲपचं सदस्यत्व वैयक्तिक वापरापुरतं असतं, तसं त्यांच्या अटींमध्ये लिहिलेलंच असतं. लग्नासारख्या समारंभाला वेगळा परवाना लागतो का, हे देशागणिक बदलतं. हॉलच्या व्यवस्थापकाला आधीच विचारून ठेवा.

वादकांची गोष्ट निराळी. समोर माणूस वाजवतोय म्हटल्यावर लोक ऐकतात. विधीच्या वेळी किंवा पाहुणे येत असताना एक-दोन वादक असले तर त्याला तोड नाही, असं माझं मत. मात्र त्यांना मांडणी आणि साउंड चेकला वेळ द्यावा लागतो, ते मधे मधे विश्रांती घेतात, आणि त्यांच्या पोतडीत असेल तेच वाजतं. तुमचं एखादं खास गाणं बसवायचं तर काही आठवडे आधी सांगावं लागतं. ड्रम असतील तर आवाजाला खालची मर्यादा येते, कारण ड्रम वाजवणाऱ्याला बटण फिरवून कमी करता येत नाही. आणि त्यांच्या विश्रांतीत काय वाजणार? म्हणजे पुन्हा डीजे किंवा प्लेलिस्ट आलीच.

नाच हा संध्याकाळचा मुख्य भाग असेल, पाहुण्यांमध्ये तीन पिढ्या असतील, तर डीजे घ्या. खालचं सगळं तो घेतलाय असं धरून.

पूर्ण यादी की मोकळा हात?

पूर्ण यादी देणाऱ्यांनी आधी एक हिशोब करावा. एक गाणं सरासरी साडेतीन मिनिटांचं धरलं तर तासात सतराच बसतात. डीजे गाणं अख्खं वाजवत नाही. मुखडा, एखादा अंतरा, सगळ्यांना पाठ असलेली ओळ झाली की पुढच्यात मिसळतो. दोन-अडीच मिनिटांत एक गाणं धरलं तरी तीन तासांच्या नाचात 72 ते 90 गाणी. घरातल्या प्रत्येकाची फर्माइश गोळा करून दोनशे गाण्यांचा तक्ता पाठवला तर निम्म्याहून जास्त गाणी वाजणारच नाहीत, आणि कुठली गळाली यावर दुसऱ्या दिवशी रुसवेफुगवे.

त्याहून मोठी अडचण क्रमाची. नाचाची बरीचशी गाणी मिनिटाला 118 ते 130 ठोक्यांच्या आसपास असतात. एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना डीजे दोन्हींचे ठोके जुळवतो, त्यासाठी एकाची गती थोडी वाढवतो किंवा उतरवतो. थोडी म्हणजे थोडीच. फार ओढलं की गायकाचा आवाज विचित्र वाटू लागतो. 90 ठोक्यांवरून थेट 128 वर जायचं तर मधे पायरीसारखं एखादं गाणं लागतं, किंवा मुद्दाम थांबून नवी सुरुवात. तुम्ही घरी बसून लिहिलेल्या क्रमात ही पायरी नसते. शिवाय कुठल्या गाण्याला माणसं उठतील आणि कुठल्याला पाणी प्यायला जातील, हे आधी कोणालाच ठाऊक नसतं. ते समोर दिसतं, आणि डीजेला पैसे त्या बघण्याचे असतात. क्रम बांधून दिला म्हणजे डीजेच्या पैशांत प्लेलिस्टच वाजवली.

मग पूर्ण मोकळा हात? तोही नको. डीजेला तुमची माणसं ठाऊक नसतात. मागच्या लग्नात चाललेलं तो तुमच्याकडे वाजवून बघणार, यात त्याची काही चूक नाही. आमच्या घरातल्या एका लग्नात आम्ही "तुम्हीच बघा" म्हणून मोकळे झालो होतो. पहिला तासभर फक्त नवऱ्या मुलाचे मित्र नाचले, बाकी सगळे कडेला उभे. एका मावशीच्या जवळच्या माणसाची आठवण जोडलेलं एक गाणं लागलं आणि ती उठून बाहेर गेली. डीजेला कसं कळावं? सांगायला आम्ही हवे होतो.

म्हणून मला तीन छोट्या याद्या पटतात. दहा-पंधरा गाणी "वाजलीच पाहिजेत". वीस-तीस "वाजली तर आनंद". आणि "अजिबात नको". ही तिसरी यादी लोक विसरतात, आणि तीच सर्वांत कामाची. नको असलेलं गाणं, नको असलेला अख्खा प्रकार, शिवराळ शब्दांची आवृत्ती, जुन्या नात्याची आठवण करून देणारं काही, सगळं त्यात लिहा. कारण सांगायची गरज नाही.

याद्यांमध्ये गाण्याच्या नावापुढे आवृत्ती लिहा: मूळ, रिमिक्स, की मैफलीतली. एकाच नावाची चार गाणी सापडतात आणि ऐन वेळी चौथंच लागतं. दुर्मिळ गाणं असेल तर चांगल्या दर्जाची फाइल स्वतः द्या. व्हिडिओतून काढलेली फाइल फोनवर ठीक वाटते, पण मोठ्या स्पीकरवर तिचं सगळं पितळ उघडं पडतं.

विधी, जेवण, नाच

विधीच्या वेळी पूर्ण ताबा आपला, अगदी सेकंदांचा. एक उदाहरण. जोडपं वीसेक मीटर सावकाश चालत येणार असेल तर त्याला 30 ते 40 सेकंद लागतात. तुमच्या आवडत्या गाण्याची नुसती सुरुवातीची वाद्यंच 25 सेकंद असतील तर आवडती ओळ येईपर्यंत तुम्ही पोचून उभे. म्हणून "हे गाणं" एवढं सांगून भागत नाही. कितव्या सेकंदापासून सुरू करायचं, कोणाच्या खुणेवर, आणि पोचल्यावर हळूहळू बंद करायचं की तसंच चालू ठेवायचं, हे लिहून द्या. जोडप्याच्या पहिल्या नाचाचंही तेच. सगळे पाहत असताना साडेतीन मिनिटं फार लांब वाटतात. दोन मिनिटांनी बाकीच्यांना बोलवा, किंवा गाणं कापून मागा.

विधी बागेत आणि नाच आत असेल तर डीजेला ते पहिल्याच फोनवर सांगा. दोन जागा म्हणजे दोन संच, किंवा मधे सामान हलवायला वेळ.

जेवणात गाणी कोणती, यापेक्षा आवाज किती, हा प्रश्न मोठा. दोन माणसं मीटरभर अंतरावरून साधं बोलतात तेव्हा आवाज 60 डेसिबलच्या आसपास असतो. संगीत त्याच्या वर गेलं की माणसं आपोआप मोठ्याने बोलू लागतात. एत्येन लोम्बार या फ्रेंच वैद्याने ही सवय 1911 मध्ये मांडली, आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. मग होतं काय, गोंगाट वाढला म्हणून कोणीतरी संगीत वाढवतं, संगीत वाढलं म्हणून लोक ओरडतात. डीजेला एवढंच सांगा: जेवणात शब्द कमी असलेलं, मध्यम गतीचं, आणि शेजारच्याशी नेहमीच्या आवाजात बोलता आलं पाहिजे. गाणी त्याची तो निवडेल.

नाचात मात्र ताबा त्याचा. आपल्या तीन याद्या त्याच्या हातात आहेत, आता त्याच्या मागे उभं राहून "आता हे लावा" करू नका.

पाहुण्यांच्या फर्माइशींचं काय करायचं ते आधी ठरवा. घ्यायच्या, अजिबात नाही घ्यायच्या, की ठरावीक दोन माणसांना विचारून घ्यायच्या? मी तिसऱ्याच्या बाजूने. डीजेला "त्यांना विचारतो" म्हणायची सोय होते आणि वाईटपणा कोणाकडेच जात नाही.

कान आणि भिंती

अमेरिकेतल्या नायोश या सरकारी संस्थेची कामगारांसाठीची शिफारस अशी: 85 डेसिबल आवाजात दिवसाला 8 तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. या हिशोबाने 100 डेसिबलला 15 मिनिटंच मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये संगीताच्या ठिकाणांसाठी जे निकष दिले, त्यात 15 मिनिटांच्या सरासरीला 100 डेसिबल ही कमाल मर्यादा आहे. नाचाच्या जागेत स्पीकरजवळ हा आकडा गाठणं अवघड नाही. तान्ही बाळं आणि वयस्कर माणसं कुठे बसणार हे पाहून स्पीकर कुठे ठेवायचे ते ठरवा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. बंद हॉलमध्ये भिंती तो परत पाठवतात, म्हणून तिथे तेवढा उतरत नाही. चांगला डीजे स्पीकरचं तोंड नाचणाऱ्यांकडे आणि थोडं खाली झुकवून ठेवतो, आजोबांच्या टेबलाकडे नाही.

काही हॉलमध्ये आवाजावर मर्यादा घालणारं यंत्र बसवलेलं असतं. ठरलेल्या पातळीच्या वर काही सेकंद गेलं की ते डीजेची वीजच तोडतं. ऐन रंगात अंधार आणि शांतता. हॉल ठरवतानाच विचारा, आणि यंत्र असेल तर डीजेला त्याचा आकडा कळवा.

दोन डीजेंमध्ये निवड

तुमच्यापुढे बहुधा दोन नावं असतील: एक महाग, भरपूर दिवे आणि धूर, दुसरा साधा, पण गाण्यांची जाण असलेला. मी दुसऱ्याकडे झुकते. पण दोघांनाही हेच विचारा. त्या दिवशी तुम्ही स्वतः येणार की दुसऱ्या कोणाला पाठवणार? लॅपटॉप बंद पडला तर पुढच्या मिनिटाला काय वाजेल? भाषणांसाठी माइक किती, आणि बिनतारी माइकच्या बॅटऱ्या नव्या टाकणार का? दिवे आणि साउंड एकाच वीजजोडणीवर घेणार का? (एकावर घेतलं तर दिवे कमी-जास्त करताना स्पीकरमधून गुणगुण ऐकू येऊ शकते.) वेळ वाढली तर तासाचा दर किती? दुसऱ्या प्रश्नाला जो हसून "असं होत नाही हो" म्हणतो त्याला मी तरी घेणार नाही. "दुसरा लॅपटॉप गाडीत नाही, टेबलाखाली असतो" असं सांगणारा माझा.

तो माइकवर बोलणार असेल तर नावांचे उच्चार आवाजी संदेशात पाठवा. लिहून दिलेलं नाव ऐन वेळी कसंही वाचलं जातं.

लग्नाच्या आठवडाभर आधी त्याला एकच कागद द्या. वेळा, कोणत्या वेळी कोणतं गाणं आणि कितव्या सेकंदापासून, तीन याद्या, फर्माइशींसाठीची दोन नावं, अडचण आली तर फोन कोणाला. तो फोन नवरा-नवरीचा नको.

आणि शेवटचं गाणं आत्ताच ठरवा. पहिल्यावर महिनाभर खल होतो, शेवटचं मात्र हॉलचे दिवे लागल्यावर घाईत वाजतं. दिवे लागायच्या 5 मिनिटं आधी डीजेने सगळ्यांना पुन्हा मधे बोलवायचं, ते गाणं अख्खं वाजवायचं, न कापता. त्या कागदावर तेवढीही एक ओळ लिहा.