पुढून मुलामा दिलेला आरसा : दुर्बिणीसाठी उत्तम

दुर्बिणीसाठी घेतलेला हा छोटा सपाट आरसा मला फार आवडला. कागदाची कडा हलकेच टेकवली की प्रतिबिंबातली कडा थेट तिला भिडते. नेहमीच्या आरशात मुलामा काचेच्या मागे असल्याने मध्ये फट दिसते. इथे अ‍ॅल्युमिनियमचा थर काचेच्या पुढच्याच बाजूला आहे. साध्या आरशात पुढची काचही सुमारे ४ टक्के प्रकाश परतवते, म्हणून तेजस्वी ताऱ्याशेजारी फिकी जुळी प्रतिमा उमटते. इथे ती नाही! पॉलिशही अप्रतिम: पृष्ठभागाचे खाचखळगे प्रकाशाच्या तरंगलांबीहून, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरहून, खूपच लहान असले तरच किरण विखुरत नाहीत. मात्र थर उघडा असल्याने ओरखडे लगेच पडतात. फडक्याने पुसू नका, धूळ दाबून हवा सोडणाऱ्या रबरी फुग्याने उडवा.