नकाशा, अ‍ॅप की फोनवरचा माणूस?

अमेरिकेत ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची व्यसन लावणारी वेदनाशामके, विकणाऱ्या कंपन्यांवरील खटल्यांच्या तडजोडीतून काउंट्यांकडे (तिथल्या जिल्हा प्रशासनांकडे) पैसे आले आहेत. ओव्हरडोसची तातडीची खबर मिळावी म्हणून ते कशावर घालायचे, हे ठरवणाऱ्या समितीवर तुम्ही असाल तर समोर मुख्यतः तीन पर्याय येतात.

पहिला ओडीमॅप, म्हणजे ओव्हरडोसच्या घटनांचा नकाशा. वॉशिंग्टन-बॉल्टिमोरच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेने 2017 मध्ये तो सुरू केला. रुग्णवाहिकेचे कर्मचारी किंवा पोलीस घटनेची वेळ, जागा, मृत्यू झाला का आणि नॅलोक्सोन (ओपिऑइडचा परिणाम उतरवणारे औषध) दिले का, एवढे भरतात. नकाशावर ठिपका उमटतो. 24 तासांत एखाद्या भागात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त घटना झाल्या की इशारा जातो. सरकारी यंत्रणांना तो फुकट आहे, त्यामुळे घ्यायला हरकत नाही. पण ठिपका उमटतो तोवर त्या माणसाचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. शिवाय नकाशा पोलिसांनाही दिसतो. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांना तो दिसत नाही.

दुसरा पर्याय शेजाऱ्यांचा. फिलाडेल्फियाच्या केन्सिंग्टन भागात 2019-20 मध्ये युनिटीफिली हे अ‍ॅप वर्षभर वापरून पाहिले गेले. कुणी कोसळलेले दिसले की बटण दाबायचे. जवळपासच्या सभासदांचे फोन वाजत आणि 911 या आपत्कालीन क्रमांकालाही कळवले जाई. 112 सभासदांपैकी निम्मे स्वतः ड्रग्ज घेणारे होते, आणि मला तर तीच या प्रयोगाची खरी ताकद वाटते. 291 इशाऱ्यांपैकी 89 खोटे निघाले. हा आकडा दाखवून कुणी अ‍ॅप मोडीत काढायला निघाले तर पुढचे आकडे दाखवा: 74 वेळा सभासदांनी नॅलोक्सोन दिले, त्यातली 71 माणसे शुद्धीवर आली, आणि निम्म्याहून जास्त वेळा औषध रुग्णवाहिकेच्या पाच मिनिटे तरी आधी पोहोचले. श्वास थांबलेल्या माणसाच्या मेंदूला पाच मिनिटे फार होतात.

मात्र केन्सिंग्टनमध्ये हे सगळे भर रस्त्यावर घडते. तुमच्या उपनगरात पोरगा बेसमेंटचे दार लावून एकटा बसलेला असतो. बटण दाबणार कोण? तिथे तिसरा पर्याय, ‘नेव्हर यूज अलोन’सारखी हेल्पलाइन, कामाची. ड्रग्ज घेण्याआधी फोन लावायचा, पलीकडचा माणूस लाइनवर थांबतो, उत्तर येईनासे झाले की रुग्णवाहिका बोलावतो. अर्थात फोन त्यालाच करावा लागतो.

दाट वस्ती असेल तर मी अ‍ॅपवर पैसे घालीन. उपनगरात हेल्पलाइनच्या जाहिरातीवर आणि घरोघरी नॅलोक्सोन पोहोचवण्यावर. 2023 पासून त्याचा नाकातला स्प्रे अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतो. प्रशिक्षणाचे पैसे मात्र कापू नका. हल्ली फेंटॅनिल या जहाल ओपिऑइडमध्ये कित्येकदा झायलाझिन हे जनावरांचे गुंगीचे औषध मिसळलेले असते आणि झायलाझिनवर नॅलोक्सोन चालत नाही. श्वास परत आला तरी माणूस डोळे उघडेलच असे नाही. अशा वेळी घाबरून डोसावर डोस न देता त्याला कुशीवर वळवून रुग्णवाहिका येईतो श्वासावर लक्ष ठेवायचे असते.